दोन याद्यांचा फाल्गुन

पर्जन्यवृक्षांची पानं गळायला लागली की मला माझी एक चूक आठवते. तशी माझ्या चुकांना कुठलाच महिना वर्ज्य नाही. श्रावणात मी एकदा भलत्याच सोसायटीतल्या भलत्याच मजल्यावर सत्यनारायणाला जाऊन, प्रसाद खाऊन, यजमानीणबाईंना 'अगदी घरच्यासारखं वाटलं' असं सांगून परतलो आहे. दिवाळीत वरिष्ठांना पाठवायच्या शुभेच्छा मित्राला आणि मित्राला पाठवायची वरिष्ठांची नक्कल वरिष्ठांना, असंही झालेलं आहे. पण फाल्गुनातल्या त्या चुकीचा थाट वेगळा होता. ती शास्त्रीय चूक होती. तिला तक्ते होते, रंगीत आलेख होते, आणि तिच्या सन्मानार्थ मावा केक वाटले गेले होते.

आता मी एका कॉलेजात शिकवतो. फेब्रुवारी संपत आला की वर्गांचे परीक्षेचे हॉल होतात आणि आम्ही मास्तर लोक तीन-तीन तास भिंतीला टेकून उभे राहतो. खिडकीबाहेर जुईनगरच्या रस्त्यावर त्या बारीक वाळक्या पानांचा सडा पडलेला असतो. सकाळी आठला खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात अजून थोडी थंडी शिल्लक असते. अकराला तोच वारा कुठल्यातरी भट्टीला वळसा घालून आल्यासारखा लागतो. पंखे कुरकुरतात. मागच्या बाकावर कुणीतरी पट्टी पाडतं. अशा शांततेत मी मुलांवर लक्ष ठेवावं अशी विद्यापीठाची अपेक्षा असते. माझं लक्ष ठाणे-बेलापूर रस्त्याला लागतं आणि थेट पावण्याला जाऊन पोचतं, बारा-तेरा वर्षं मागे.

पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आमची संस्था होती. संस्था म्हणायचं, कारण बोर्डावर तसं लिहिलेलं होतं. खाली रबराचे वॉशर कापणारं यंत्र, उजवीकडे पुठ्ठ्याचे खोके, डावीकडे फैयाजभाईंची बेकरी. वॉशरच्या यंत्राच्या प्रत्येक ठोक्याला आमच्या टेबलावरचा चहा दचकायचा. दुपारपर्यंत हवेत रसायनांचा एक आंबूस-गोडसर दर्प भरून असे, आणि चार वाजता बेकरीची दुसरी भट्टी लागली की त्याच्यावर पावाचा वास चढे. त्या वासाचा अंमल असेपर्यंत जगात कुणाचं काही वाईट चाललं असेल यावर विश्वास बसत नसे.

गंमत अशी, की आम्हीही यीस्टवरच काम करत होतो. ज्याच्या जिवावर फैयाजभाईंचा पाव फुगायचा, त्याच्याच जिवावर माझी शिष्यवृत्ती चालायची. फरक इतकाच, की त्यांच्याकडे यीस्ट पाकिटातून यायचं आणि आमच्याकडे फाइलीतून. यीस्टवर पीएचडी करणाऱ्या मी तोवर यीस्ट डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

काम काय, ते नातेवाइकांना सांगणं अवघड होतं. आत्याने विचारलं, "कशावर रे तुझं संशोधन?"

"प्रोटीन कॉम्प्लेक्सवर."

"कुठल्या सेक्टरात आलंय?"

आत्या तशी फार चुकली नव्हती. यीस्टच्या एवढ्याशा पेशीत सहा हजारांच्या आसपास प्रकारची प्रोटीनं असतात आणि त्यांतली बरीचशी गटागटाने राहतात. चार जणांचा एक गट, पन्नासेक जणांचा दुसरा. एक गट पेशीतला कचरा मोडतो, एक नवी प्रोटीनं घडवतो, एक सामान इकडून तिकडे पोचवतो. कोण कोणाबरोबर राहतं याची शिरगणती दोन मोठ्या परदेशी प्रयोगशाळांनी केली होती. एकेका प्रोटीनला एक शेपटी जोडायची, ती धरून त्याला हळूच ओढून काढायचं, आणि त्याचा हात धरून आणखी कोण कोण बाहेर आलं ते बघायचं. असं हजारो वेळा. यीस्ट तेच, पद्धत जवळपास तीच, तरी दोघांच्या याद्या वेगळ्या. आम्ही त्यांना अ आणि ब म्हणायचो. त्या शेजारी-शेजारी ठेवून कुठे आणि कितपत जुळतात, आणि विश्वास कोणावर ठेवायचा, हे मला सांगायचं होतं.

आणि तिसरी यादी होती कुंदाताईंची.

कुंदाताई तळवलीच्या. मुलगी शाळेत जायला लागल्यावर रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलेल्या. सासऱ्यांची भातशेती कधीच कारखान्यांखाली आणि रस्त्याखाली गेलेली. घरात चाळीच्या खोल्यांची भाडी येत, दीर बांधकामाच्या धंद्यात होते. तुला नोकरीची गरज काय, असं सगळं गाव त्यांना विचारायचं आणि त्या रोज साडेनऊला आमचा लोखंडी जिना चढायच्या. जगभरातल्या लोकांनी एकेका गटावर मान मोडून केलेले शोधनिबंध वाचायचे आणि कोण खरोखर कोणाबरोबर राहतं याची हाताने यादी करायची, हे त्यांचं काम. पहिल्या रकान्यात गट, दुसऱ्यात सभासद, तिसऱ्यात 'कशावरून'. एका ओळीच्या 'कशावरून'साठी त्या आठ-आठ निबंध वाचत.

"कुंदाताई, या वेगाने तुमची यादी होईपर्यंत यीस्टची उत्क्रांती होऊन जाईल."

"होऊ दे ना डॉक्टर. मंग नवीन यादी करू."

मी डॉक्टर व्हायला अजून दोन वर्षं होती, पण त्या मला पहिल्या दिवसापासून डॉक्टर म्हणत. आधी मी सुखावलो. महिनाभराने लक्षात आलं, की बेकरीतल्या बोक्यालाही त्या डॉक्टरच म्हणतात.

एकदा फैयाजभाई पिठाने माखलेल्या हातांनी वर आले. "साब, आप लोग यीस्ट का काम करते ना? दो दिन से मेरा माल उठ नहीं रहा." मी त्यांना खुर्ची दिली आणि वीस मिनिटं यीस्टच्या जनुकांची माहिती दिली. सभ्य माणूस, सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "वो सब ठीक है साब, लेकिन पाव?" तोवर कुंदाताई खाली जाऊन पिठात ओतायच्या पाण्यात बोट घालून आल्या होत्या. "भाई, पानी किती गरम घेताय. मेलं ना ते बिचारं." दोन दिवसांपूर्वीच बेकरीत नवा गिझर बसला होता. दुसऱ्या दिवशी गरम लादी पाव वर आला. घेऊन आलेल्या कारागिराने माझ्या पुढ्यातून तो उचलून पलीकडे ठेवला. म्हणाला, "दीदी के लिए है."

याद्यांमधल्या उपऱ्यांची गोष्ट मला त्यांनीच समजावली. काही प्रोटीनं जिकडेतिकडे सापडतात. कोणालाही ओढा, ही सोबत येतातच, कारण मुळात ती चिकट असतात. मी त्यांना फार मोठी असामी समजून त्यांच्यावर अर्धं प्रकरण लिहिलं होतं. कुंदाताईंनी ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीतून पुतण्याच्या हळदीचे दोन अल्बम आणले. एक त्यांच्या फोटोग्राफरचा, एक मुलीकडच्यांचा. आगरी गावातली हळद म्हणजे अख्खं गाव आणि गावाचे पाहुणे.

"हा टोपीवाला बघ. प्रत्येक फोटोत हाय का नाय? नवरदेवाच्या मागं, बँडच्या पुढं, जेवनाच्या टेबलावर."

"नवऱ्या मुलाचे काका?"

"कोन हाय ते आमाला पन नाय माहीत. हळद असली की येतो, नाचतो, जेवतो, जातो. फोटोत लय वेळा दिसला म्हनून तो घरचा होत नाय डॉक्टर."

मी अर्धं प्रकरण कापलं. आजही वर्गात हा मुद्दा आला की मी त्या टोपीवाल्याचंच उदाहरण देतो. शास्त्राच्या इतक्या कामी येणाऱ्या त्या गृहस्थाला त्याचा पत्ता नाही.

त्या फाल्गुनात मी अ आणि ब शेजारी ठेवून बटण दाबलं, आणि जुळणी इतकी दरिद्री निघाली की मला वाटलं प्रोग्राम चुकला. प्रोग्राम तपासला. तो बरोबर होता, आणि तेच वाईट होतं. परीक्षेच्या भाषेत सांगायचं तर काठावर नापास. सरांना दाखवलं. आमचे सर भले गृहस्थ, पण कमी बोलणारे, ते म्हणाले, "पुन्हा बघ." महिनाअखेरीच्या आत प्रकल्पाचा अहवाल जायचा होता आणि संस्थेची पुढची तीन वर्षं त्यावर ठरायची होती. माझी पीएचडी त्यातच अडकलेली.

मी पुन्हा बघितलं. बघता बघता इंटरनेटवरच्या एका संग्रहात मला ब यादीची सुधारित आवृत्ती सापडली. नावात ब होतं, पुढे 'सुधारित' लिहिलं होतं. शेजारी ती कशी तयार केली याचा लांबलचक मजकूर होता. तो मी वाचला नाही. आमच्या पिढीने 'अटी मान्य आहेत' या चौकोनात खूण करण्यापूर्वी अटी कधी वाचलेल्या नाहीत. जुनी ब काढली, नवी घातली, बटण दाबलं.

विशेष प्रावीण्य.

चार वाजले होते, पावाचा वास खिडकीतून आत येत होता आणि खाली वॉशरचं यंत्र टाळ्या वाजवल्यासारखं चाललं होतं. मी फैयाजभाईंकडून दोन डझन मावा केक आणले.

सरांनी माझा आलेख भिंतीवर लावला आणि सगळ्यांना बोलावलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दोन स्वतंत्र प्रयोग इतके जुळतायत, म्हणजे यंत्रांवर विसंबायला हरकत नाही. हाताने यादी करत बसायचं आता कारण उरत नाही. पुढच्या प्रस्तावात मी ती जागा दाखवणार नाही. कुंदाताई, एकतीस मार्चपर्यंत तुमचं आहेच."

त्यात दुष्टपणा नव्हता. आज पाणी उशिरा येणार आहे, असं सांगावं तशा आवाजात ते बोलले. कुंदाताई "बरं सर" म्हणाल्या, टेबलावर पडलेले केकचे कण त्यांनी तळहाताच्या कडेने गोळा केले आणि कागदात घेतले. मी काय करत होतो म्हणाल, तर दुसरा मावा केक घेत होतो. माझ्या आलेखाखाली कुणाची तरी खुर्ची सापडली आहे, हे मला दिसलंच नाही. दिसलं नाही असं मी बरीच वर्षं सांगत आलोय. खरं तर ओझरतं दिसलं होतं. केक चांगला होता.

पुढच्या बुधवारी दुपारी त्यांच्या डब्यात पोपटी होती. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात घालून भाजतात, त्या. त्या पाल्याचा तो उग्र, रानातला वास कागदांनासुद्धा लागतो. माझ्या हातावर मूठभर शेंगा ठेवून त्या म्हणाल्या, "डॉक्टर, खाता खाता जरा इकडं बघ."

टेबलभर माझीच पानं पसरलेली होती, छापून काढलेली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. जी जागा महिनाअखेर जाणार होती, त्या जागेवर बसून ही बाई माझा निकाल ओळीओळीने तपासत होती.

"हा कचरा मोडनारा गट. माझ्या यादीत एवढे सभासद. अ मधे तेवढेच, पन हा एक जास्तीचा. हा साखर मोडनाऱ्यांतला, याचं इथं कायच काम नाय. प्रयोगात चुकून आला असंल. बरोबर?"

"बरोबर. टोपीवाला असेल."

"नाय. मी सगळीकडं शोधला. हा दुसरीकडं कुठंच जात नाय. याच एका फोटोत हाय. आता तुझी ब बघ."

ब यादीतही तोच पाहुणा, त्याच गटात.

"योगायोग," मी शेंग सोलत म्हणालो.

त्यांनी दुसरं पान पुढे केलं. तिथे दुसरा पाहुणा, दोन्ही याद्यांत एकाच जागी. मग तिसरं. चौथं. "योगायोग किती काढू? अजून गठ्ठा हाय."

मी शेंग खाली ठेवली. कुंदाताई संध्याकाळी गावातल्या मुलांची शिकवणी घ्यायच्या, त्या शिकवणीतल्या आवाजात म्हणाल्या, "दोन पोरांची बरोबर उत्तरं सारखी आली तर पोरं हुशार. चुका सारख्या आल्या तर पोरं शेजारी बसलेली." थोडं थांबून, "ही ब आनलीस कुठनं?"

मी संगणकापाशी गेलो आणि तो न वाचलेला मजकूर वाचला. दुसऱ्याच वाक्यात लिहिलं होतं, की अ आणि ब या दोन्ही प्रयोगांच्या मूळ नोंदी एकत्र करून ही सुधारित यादी बनवलेली आहे. म्हणजे माझ्या ब यादीच्या पोटात अ बसली होती. मी अ यादीची तुलना निम्म्या अ यादीशी केली होती आणि दोघी किती सारख्या दिसतात म्हणून केक वाटले होते.

"बघ मग काय ते," एवढं म्हणून कुंदाताई डबा धुवायला गेल्या.

अहवाल पुढच्या बुधवारी जायचा होता. माझ्याकडे एक आठवडा होता आणि करायचं काम दोन मिनिटांचं. गुरुवारी मी सरांच्या काचेच्या दारापाशी तीनदा गेलो. तिसऱ्यांदा त्यांनी वर बघून विचारलं, "काय रे, काही हवंय?" मी म्हणालो, "स्टेपलर." स्टेपलर मिळाला. शुक्रवारी ईमेल लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात सगळा दोष त्या संग्रहाचा होता, दुसऱ्यात विजेच्या चढउताराचा. दोन्ही पुसले आणि पुन्हा सरांच्या दारात गेलो. आता माझ्याकडे दोन स्टेपलर झाले.

विनोद बाजूला ठेवतो. मनात एक गणित चालू होतं, ते मला अजून आठवतं आणि अजून त्याची लाज वाटते. बोललो तर संस्थेची तीन वर्षं आणि माझी पीएचडी डळमळते. गप्प बसलो तर कुणालाही कळत नाही, फक्त एका बाईची नोकरी जाते, जिची 'गरज' तशीही नाही असं तिचं गावच म्हणतं. गणित सुटसुटीत होतं. इतकं सुटसुटीत, की मी ते दोन दिवस रोज नव्याने सोडवून बघत होतो.

कुंदाताई गुरुवारी आल्या, शुक्रवारी आल्या, आपल्या यादीत ओळी घालत राहिल्या. एका अक्षराने विचारलं नाही. शुक्रवारी निघताना मात्र म्हणाल्या, "उद्या होळी हाय. दुपारचा गावात ये. पुरनपोळ्या हायेत."

शनिवारी दुपारी तळवलीला गेलो. गावाच्या चारी बाजूंनी इमारती उभ्या, मधोमध देवळासमोरच्या मोकळ्या जागेत होळीचा उंच खांब उभा करायची गडबड. दोर ओढणारे ओरडत होते, एक म्हातारा त्या सगळ्यांना तुम्ही दोर कसा चुकीचा धरलाय हे सांगत होता. उन्हात कुठूनतरी आंब्याच्या मोहोराचा वास येत होता. एवढ्या सिमेंटमध्ये झाड कुठे लपलं होतं कोण जाणे. कुंदाताईंचे सासरे ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. मला न्याहाळून म्हणाले, "तूच का तो कॉम्प्युटरवाला? आमची सून तुमच्या लॅबमदी हाय."

"हो आजोबा. आम्ही एकत्रच काम करतो."

"लोक मना इचारतात, घरात काय कमी हाय, सुनेला कामाला कशाला धाडतंस? मी सांगतंय, ती कामाला नाय जात. ती तपासाला जाते. मोठमोठ्या सायबांनी लिवलेलं बरोबर हाय का नाय, ते आमची कुंदा तपासते." आणि माझ्याकडे बघून, "खरं ना?"

"खरं आहे," मी म्हणालो. त्या आठवड्यात मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य असावं.

त्यांना एकतीस मार्चचं कुणी सांगितलेलं नव्हतं. आत पानावर बसल्यावर मी हळूच विचारलं, "ताई, घरी बोलला नाहीत?"

"सनाच्या दिवशी कशाला. दूध घे, कोरडी खाऊ नको."

दुसऱ्या पोळीचा घास गिळायला मला इतका वेळ लागला, की त्यांच्या मुलीला वाटलं मला गोड आवडत नाही.

आज परीक्षेच्या हॉलमध्ये उभा राहून मी त्या याद्यांचा विचार करतो तेव्हा वाटतं, की मला त्यांचं न जुळणं इतकं लागलं का होतं? दोन्हीकडच्या लोकांनी वर्षानुवर्षं एकेक शेपटी धरून ओढली होती. एकाच्या हाताला जे लागलं ते दुसऱ्याच्या हातातून निसटलं, दुसऱ्याला जे दिसलं ते पहिल्याच्या नजरेआड राहिलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या जिवाने आपला सगळा संसार एका झटक्यात कुणाला दाखवला नाही, यात त्याचा डौलच होता. दोघं प्रामाणिक होते, म्हणून वेगळे होते. जिथे ते जुळत होते, तेवढीच थोडी जागा सोन्यासारखी होती. आणि जिथे जुळत नव्हते तिथे बरोबर कोण, हे सांगायला कुणीतरी आठ निबंध वाचून 'कशावरून' लिहिणारं हवं होतं. मला मात्र डौल नको होता, टक्केवारी हवी होती. परवा पावण्यावरून गेलो. बेकरीच्या जागी कुरियरचं गोदाम झालंय. चार वाजले होते आणि हवेला कसलाच वास नव्हता.

सोमवारी साडेनऊला मी सरांकडे गेलो. धुळवडीचा गुलाबी रंग कानामागे राहिलेला होता, त्यामुळे एवढी गंभीर गोष्ट सांगताना मी जरा तमासगीर दिसत असणार. सगळं सांगितलं. संग्रहावर ढकललं नाही, विजेवर ढकललं नाही.

सरांनी भिंतीवरच्या आलेखाकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे आपण आरशाला विचारलं, दुसरा माणूस कसा दिसतो. आरसा म्हणाला, अगदी तुमच्यासारखा."

"हो सर."

"खरी जुळणी किती?"

"पहिल्यांदा आली होती तीच. काठावर नापास."

"तुझ्या लक्षात कसं आलं?"

इथे मला क्षणभर मोह झाला. 'पुन्हा तपासताना दिसलं' हे वाक्य जिभेवर तयार होतं. व्याकरणदृष्ट्या निर्दोष, कोणी पुन्हा तपासलं ते न सांगणारं. "माझ्या नाही आलं," मी म्हणालो. "कुंदाताईंनी पकडलं. सारख्या चुकांवरून."

सरांनी त्यांना बोलावलं, ती पानं मागवली, एकेक करून सगळी बघितली. मग भिंतीवरचा माझा आलेख त्यांनी स्वतः उठून काढला. "अहवालात खरा आकडा जाईल," ते म्हणाले. "आणि हेही जाईल, की या दोन याद्यांत कोणावर कुठे विश्वास ठेवायचा हे ठरवायला तिसरी लागते. कुंदाताई, तुमची जागा मी परत घालतोय. तीन वर्षं मिळाली तर तीन वर्षं, एक मिळालं तर एक. ती यादी थांबणार नाही."

"बरं सर." पहिल्या वेळी म्हणाल्या होत्या तसंच, त्याच आवाजात.

"पण हे तुम्हाला कळलं कधी?"

"बुधवारी."

"आज सोमवार. तुमची जागा जात होती. तुम्ही का नाही येऊन सांगितलंत?"

कुंदाताईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. "चूक त्याची हाय सर. सांगायचा मान पन त्याचाच."

आम्ही दोघं बाहेर जिन्यावर आलो. मला वाटत होतं आता काहीतरी मोठं बोलावं, माफी मागावी, निदान नमस्कार करावा. तोंडातून निघालं ते एवढंच, "ताई, आणि मी गेलोच नसतो तर?"

"तर उद्या मी गेले असते. माझी नोकरी हाय ती. तुझ्या भरवशावर सोडीन काय?"

त्यांनी पर्समधून चार घड्यांचा कागद काढून माझ्या हातात दिला. सरांच्या नावे रीतसर अर्ज, खाली सही, वर मंगळवारची तारीख. माझी चूक त्यात चार ओळींत मांडलेली होती, माझ्या प्रबंधात पुढे ती ज्या चाळीस ओळींत आली त्याहून स्वच्छ. स्वतःच्या जागेबद्दल एक शब्द नव्हता. शेवटी लिहिलं होतं: 'सदर चूक घाईमुळे झालेली असून हेतू वाईट नाही. तरी संबंधितांस समज द्यावी, कामावरून कमी करू नये, ही विनंती.'

पुढच्या आयुष्यात मला मोठमोठ्या माणसांच्या सह्यांची शिफारसपत्रं मिळाली. इतकं खरं आणि इतकं चांगलं माझ्याबद्दल त्यांतल्या कुणीच लिहिलेलं नाही.

"हा मी ठेवून घेऊ?" मी विचारलं.

त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला, होता तशा चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये टाकला.

"कशाला? परत लागंल. तारीख तेवढी बदलायची."